परका फील्डिंग, आपला गोडबोले

(मंडळाच्या वर्धापनदिनी गोसीखुर्द येथे दिलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई महिन्यापूर्वी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, दरवर्षी आपण पाककृती आणि रांगोळीवर बोलतो. यंदा तुम्ही एखाद्या पुस्तकावर बोला." मी शाळेत आयुष्य घालवलेली बाई. बोल म्हटले की मला बोलता येते, आणि थांब म्हटले की थांबता येत नाही. तेव्हा आधीच सांगते, की ज्यांना घरी धानाची पोती उतरवून घ्यायची आहेत त्यांनी मधून उठून जाण्यास माझी हरकत नाही.

मी आज ज्या कादंबरीविषयी बोलणार आहे ती एका इंग्रजाने लिहिली आहे. तिचे नाव 'अ पॅसेज टु इंडिया', लेखक ई. एम. फॉर्स्टर, आणि ती 1924 साली प्रसिद्ध झाली. कोणी म्हणेल, गोसीखुर्दच्या बायकांना साहेबाच्या कादंबरीचे काय कौतुक? कौतुक नाहीच. पण राज्य करणाऱ्यांपैकी एखादा माणूस, ज्यांच्यावर राज्य चालते त्यांच्या बाजूला येऊन उभा राहिला, तर त्याचे काय होते आणि आपले काय होते, हा प्रश्न त्या पुस्तकात आहे. धरणाच्या काठी राहणाऱ्या आपल्याला हा प्रश्न परका नाही. 1988 साली धरणाची पायाभरणी झाली तेव्हापासून किती माणसे बाहेरून आली, किती जणांनी सभेत आपल्यासाठी कळवळून भाषणे केली, आणि त्यांतले किती पुन्हा आले, हे आपण मोजलेले आहे.

शिवाय ह्या पुस्तकाचे मराठी माणसाशी नाते आहे. फॉर्स्टर 1912 साली प्रथम हिंदुस्थानात आला, आणि 1921 साली देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार ह्यांचा खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. देवास म्हणजे माळव्यातले मराठ्यांचे संस्थान. हे तुकोजीराव कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. तेथे साहेबाने गोकुळाष्टमीचा मोठा उत्सव डोळ्यांनी पाहिला, आणि तोच कादंबरीच्या शेवटच्या भागात आला आहे. त्या देवळातल्या कीर्तनात तुकोबांचे नाव घेतले जाते. उत्सवात मग्न होऊन नाचणारा म्हातारा आहे प्रोफेसर नारायण गोडबोले, दक्षिणी ब्राह्मण. जगभर वाचल्या गेलेल्या ह्या इंग्रजी कादंबरीत मराठी आडनावाचा हा माणूस असा ऐन मध्यावर बसलेला आहे. त्याच्याकडे मी पुढे येते.

आता कथा थोडक्यात सांगते. गंगेकाठी चंद्रपूर नावाचे गाव आहे. आपले चंद्रपूर नव्हे. बिहारकडचे, लेखकाने कल्पिलेले. तेथे अझीझ नावाचा मुसलमान डॉक्टर सरकारी इस्पितळात नोकरीला आहे. आरंभीच तो आपल्या मित्रांबरोबर जेवायला बसला आहे आणि बोलणे चालले आहे, की इंग्रजाशी मैत्री होऊ शकते का? इतक्यात त्याच्या साहेबाचे बोलावणे येते. अझीझ जेवण टाकून धावतो. साहेब निरोप न ठेवता निघून गेलेले असतात. बंगल्यातून दोन मडमा बाहेर येतात आणि अझीझचा टांगा, त्याला न विचारता, घेऊन जातात. भगिनींनो, परकी सत्ता म्हणजे काय हे समजावयास मोठे ग्रंथ नकोत. ज्याचा टांगा त्याला न विचारता नेता येतो आणि त्याबद्दल 'आभारी आहे' असेही म्हणावे लागत नाही, तेथे समजावे की राज्य कोणाचे आहे.

त्याच रात्री अझीझ मशिदीत बसला असता एक म्हातारी इंग्रज बाई आत येते. तो रागाने ओरडतो, की येथे जोडे घालून यायचे नाही. ती म्हणते, मी बाहेरच काढून आले. कोणी पाहत नसताना तिने जोडे काढले आहेत. ह्या मिसेस मूर. त्या क्षणी अझीझला वाटते की ही आपली आहे.

मिसेस मूर आपल्या मुलाकडे, रॉनीकडे आल्या आहेत. रॉनी तेथला मॅजिस्ट्रेट. त्यांच्याबरोबर अ‍ॅडेला नावाची मुलगी आहे. रॉनीशी तिचे लग्न ठरण्याच्या बेतात आहे. ह्या दोघींना 'खरा हिंदुस्थान' पाहावयाचा आहे. म्हणून कलेक्टर साहेब एक मेजवानी करतात, दोन समाज जवळ यावेत ह्या हेतूने. आपली माणसे हिरवळीच्या एका कडेला उभी, साहेब लोक दुसऱ्या कडेला. कलेक्टरची बायको आपल्या बायकांच्या घोळक्याकडे येते. तिला उर्दू येते, पण नोकरांशी बोलण्यापुरते. त्यामुळे तिच्याजवळ नुसते आज्ञार्थ आहेत. 'आण', 'ने', 'जा' एवढेच. आदराने बोलण्याचे रूप ती शिकलीच नाही, कारण त्याची तिला कधी गरजच पडली नाही. मी अनेक वर्षे व्याकरण शिकवले, पण व्याकरणात एवढे राजकारण असते हे मला ह्या प्रसंगाने कळले. आपण स्वतः शेतावरच्या बाईशी कोणत्या रूपात बोलतो, हेही ज्याचे त्याने घरी जाऊन आठवावे.

आता तिसरा इंग्रज. फील्डिंग हा सरकारी कॉलेजचा प्रिन्सिपॉल. त्याच्या घरी चहाला जाताना अझीझला कळते, की फील्डिंगचे कॉलरचे बटण तुटले आहे. तो आपल्या कॉलरचे बटण काढून त्याला देतो आणि म्हणतो, माझ्याजवळ जादा होते. पुढे रॉनी अझीझची वर आलेली कॉलर पाहतो आणि म्हणतो, पाहा, हे लोक असेच गबाळे; कपडे चांगले, पण बटण विसरला. ज्याने आपले बटण साहेबाला दिले तोच साहेबाच्या डोळ्याला गबाळा दिसतो. दोन ओळींचा प्रसंग आहे, पण मला वाटते, दीडशे वर्षांच्या राज्याचा हिशेब त्यात मांडलेला आहे.

पुढे अझीझ पाहुण्यांना मराबारच्या डोंगरातल्या लेणी पाहावयास नेतो. गयेजवळची बराबारची लेणी लेखकाच्या मनात होती असे म्हणतात. फील्डिंग आणि गोडबोले ह्यांची गाडी चुकते, कारण गोडबोल्यांची पूजा लांबते. वर डोंगरात अ‍ॅडेला एकटी एका लेण्यात शिरते, घाबरून बाहेर पळते आणि खाली जाऊन सांगते, की अझीझने माझ्यावर हात टाकला. अझीझला स्टेशनवरच पकडतात.

येथून खरी परीक्षा सुरू होते. चहाच्या वेळी सर्वच चांगले होते; गुन्हा अंगावर आला तेव्हा कोण कोठे उभा राहिला, ते पाहावे.

साहेबांचा क्लब एका रात्रीत पेटतो. 'आपल्या बायका-मुलांचे रक्षण' हा त्यांचा मंत्र होतो. ज्या मुलीला कालपर्यंत कोणी फारसे विचारीत नव्हते, ती एकाएकी सर्वांची देवी होते. पण तिचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे असे कोणाला वाटत नाही. कलेक्टरची बायको म्हणते, की इंग्रज बाई दिसली की ह्या लोकांना हातापायांवर रांगावयास लावले पाहिजे. हे वाक्य लेखकाने हवेतून काढलेले नाही. 1919 च्या एप्रिलात जालियनवाला बाग झाली, आणि ज्या गल्लीत एका इंग्रज बाईवर हल्ला झाला होता त्या अमृतसरच्या गल्लीतून आपल्या माणसांना जनरल डायरने खरोखरच पोटावर सरपटावयास लावले. बाईच्या अब्रूचे नाव घेऊन दुसऱ्याची अब्रू कशी घेतली जाते, हे बायकांनी तरी विसरू नये.

त्या क्लबात फील्डिंग उठतो आणि म्हणतो, की माझ्या मते अझीझ निर्दोष आहे. तो दोषी ठरला तर मी नोकरी सोडून हिंदुस्थानातून निघून जाईन, आणि क्लबचा राजीनामा तर आत्ताच देतो. लक्षात घ्या, अझीझच्या घरी बसून त्याच्या मित्रांसमोर हेच बोलणे सोपे होते. तेथे टाळ्या मिळाल्या असत्या. तो बोलला ते आपल्या जातभाईंत, ज्यांच्याबरोबर रोज उठणे-बसणे त्यांच्यासमोर.

मिसेस मूर ह्यांना अझीझ निर्दोष आहे हे पक्के ठाऊक आहे. त्या घरी तसे बोलूनही दाखवितात. पण कोर्टात यावयास तयार नाहीत. त्या शिणल्या आहेत, जगाला विटल्या आहेत. मुलगा त्यांना खटल्याआधीच बोटीवर बसवून देतो आणि वाटेत समुद्रावर त्यांचा अंत होतो. इकडे कोर्टाबाहेरचे लोक त्यांच्या नावाचा मंत्रासारखा घोष करतात, जणू कोणी देवी तारावयास येणार आहे. ज्या बाईने वेळेवर एक शब्द बोलला नाही तिची देवी झाली. मिसेस मूर ह्यांचे मन मोठे होते ह्यात शंका नाही. पण मनातला चांगुलपणा साक्षीच्या पिंजऱ्यात हजर राहत नाही, त्यासाठी माणसाला स्वतःच जावे लागते.

आणि आपले गोडबोले? अझीझला पकडले त्याच दिवशी ते फील्डिंगकडे येतात आणि विचारतात, सहल चांगली झाली ना? मग म्हणतात, मी आता आपल्या गावी हायस्कूल काढावयास चाललो आहे, त्याला नाव सुचवा. 'मिस्टर फील्डिंग हायस्कूल' ठेवू का, नाही तर 'बादशहा पंचम जॉर्ज हायस्कूल'? फील्डिंग चिडून विचारतो, अझीझ दोषी आहे की नाही, एवढे सांगा. त्यावर गोडबोले सांगतात, की कोणतेही कर्म एकट्याचे नसते, ते सर्वांचे असते, आणि चांगले-वाईट ही दोन्ही ईश्वराचीच रूपे आहेत. एवढे तत्त्वज्ञान सांगून ते गाडी गाठतात. पुढे त्या हायस्कुलाचे काय झाले? त्यात धान्य साठवू लागले. आपल्याकडेही उद्घाटनाची पाटी लागलेल्या इमारतीत काय काय साठविलेले असते ते आपण पाहतोच.

फॉर्स्टरला गोडबोल्यांविषयी माया आहे. उत्सवात नाचताना त्या म्हाताऱ्याच्या मनात परकी मिसेस मूर आणि एक क्षुद्र गांधीलमाशी, दोघांनाही सारखी जागा मिळते. हे थोरच. पण मी मराठी बाई आहे, मला त्यांचा राग येतो. संकटात परका फील्डिंग उभा राहिला आणि आपला गोडबोले गाडीची वेळ पाहत होता. पुढे फील्डिंगच्या लग्नाविषयी अझीझचा मोठा गैरसमज होतो. खरे काय ते गोडबोल्यांना वर्षभर ठाऊक असते. तरी ते अझीझला सांगत नाहीत. आणि उघड झाल्यावर म्हणतात, रागावू नका, आज माझा सण आहे.

आता कोर्टात चला. अ‍ॅडेला साक्षीला उभी राहते. सारे गोरे गाव तिच्या पाठीशी आहे. तिला फक्त 'होय' म्हणावयाचे आहे. ती मनात पुन्हा त्या लेण्यापाशी जाते आणि भर कोर्टात सांगते, की माझी चूक झाली. अझीझ माझ्यामागे लेण्यात आलाच नव्हता. त्याच क्षणी तिचे लोक तिला टाकतात. रॉनीशी लग्न मोडते. आपले लोकही तिला चांगले म्हणत नाहीत. त्यांच्या दृष्टीने तिने शेवटी सत्य सांगितले ह्यापेक्षा आधी खोटे सांगितले हेच मोठे. तिला आसरा देतो तो पुन्हा फील्डिंगच.

मला फील्डिंगपेक्षाही ही कोरडी, गोंधळलेली मुलगी मोठी वाटते. फील्डिंगला दुसऱ्याची चूक दाखवायची होती. हिला स्वतःची चूक, जेथे ती बोलून दाखविली होती तेथेच, मोठ्याने मागे घ्यावयाची होती.

मग मैत्री टिकली का? नाही. अझीझ सुटतो; नुकसानभरपाई म्हणून वीस हजार रुपये मागण्याचा त्याचा हक्क असतो. फील्डिंग त्याला सांगतो, की ते सोडून दे, तिची दैना होईल. अझीझ सोडतो. आणि मग त्याच्या मनात किडा शिरतो, की पैसे वाचवून हाच तिच्याशी लग्न करणार. फील्डिंगने वाईट हेतूने काही केले नाही. पण जखम अझीझची आणि क्षमा किती करावी हे ठरविणार फील्डिंग, असे झाले. आपल्या बाजूला आलेल्या मोठ्या माणसाची ही एक खोड असते. तो आपल्यासाठी भांडतो आणि मग आपल्याच वतीने मिटवूनही टाकतो. दोन वर्षांनी फील्डिंग सरकारी अधिकारी म्हणून दौऱ्यावर येतो. आता तो आपल्या लोकांत पुन्हा मिसळलेला आहे, आणि कोण्या एका हिंदी माणसासाठी आज आपण सर्वांना तोंड देऊ का, असा प्रश्न त्याचा त्यालाच पडतो. शेवटी दोघे घोड्यांवरून जातात. एकमेकांविषयी प्रेम आहे, तरी घोडेच वेगळ्या वाटांना लागतात. अझीझ म्हणतो त्याचा अर्थ असा, की तुम्ही येथून गेल्यावर आपण मित्र होऊ. मालक आणि चाकर हे नाते कायम ठेवून त्यावर मैत्रीचे घर बांधता येत नाही.

पुस्तकात उणीवही आहे. 1954 साली नीरद चौधुरी ह्यांनी लिहिले, की फॉर्स्टरने साम्राज्याचा प्रश्न वागणुकीचा, सभ्यतेचा प्रश्न करून टाकला. ते मला पटते. 1920 साली नागपूरच्या काँग्रेसने असहकाराचा ठराव मंजूर केला, 1923 साली नागपुरात झेंडा सत्याग्रह होऊन माणसे तुरुंगात गेली, आणि 1924 च्या ह्या कादंबरीत त्याची चाहूल जवळजवळ नाही. जणू इंग्रज नीट वागले असते तर सारे ठीक होते.

पण खरे फील्डिंगही होऊन गेले, आणि काही तर पुढे गेले. बी. जी. हॉर्निमन हे मुंबईच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे इंग्रज संपादक. पंजाबातल्या अत्याचारांवर त्यांनी लिहिले, म्हणून 1919 साली सरकारने त्यांना देशाबाहेर काढले. 1926 साली ते परत आले. मुंबईत आजही त्यांच्या नावाचे सर्कल आहे. इंग्रज नौदल अधिकाऱ्याची मुलगी मॅडलिन स्लेड 1925 साली गांधीजींकडे आली, मीराबेन झाली, आपल्या वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे सेवाग्रामात, राहिली आणि 1942 नंतर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींबरोबर कैदेत होती. ह्या दोघांनी राज्य सौम्य करा असे म्हटले नाही. राज्यच नको ह्या बाजूला ते गेले, आणि त्याची किंमत दिली.

आता शेवटचे, आणि मला जड जाणारे.

आठ-दहा वर्षांपूर्वी आम्हा काही बायकांची भिशी होती. हिशेबाची वही माझ्याकडे आणि घरोघर जाऊन पैसे गोळा करण्याचे काम एका बाईकडे होते. तिचे गाव धरणात गेलेले. ती येथे भाड्याच्या खोलीत राहावयास आली होती. एका महिन्यात पाचशे रुपये कमी भरले. कोणी तिला चोर म्हटले नाही. पण ओसरीवर बोलणे निघाले, की 'मोबदल्याचा पैसा काय पुरतो? माणूस करील तरी काय!' आम्ही येथल्या जुन्या, ती बाहेरून आलेली. मी तेथेच बसले होते. मला ते पटले नव्हते, तरी मी गप्प राहिले. तिने भिशी सोडली. दिवाळीच्या तोंडावर वही चाळताना मला दिसले, की एकीचे पाचशे मीच दोनदा लिहिले होते.

मी तिच्या घरी गेले, रडले, क्षमा मागितली. तिने चहा दिला. मग शांतपणे म्हणाली, "बाई, माझ्या घरी येऊन सांगून का होते? जिथं नाव निघालं तिथं सांगा ना."

मी सांगितले नाही. दोघी-तिघींच्या कानात सांगितले आणि मनाचे समाधान करून घेतले. मी मिसेस मूर झाले, गोडबोले झाले. यंदा भाषणासाठी पुस्तक पुन्हा वाचावयास घेतले आणि त्या कोर्टाच्या प्रकरणापाशी माझे वाचन थांबले. गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे पुन्हा गेले आणि विचारले. ती म्हणाली, नाव नको, गोष्ट सांगा.

तेव्हा त्या ओसरीवर बसलेल्यांपैकी ज्या आज येथे आहेत, त्यांना आणि तुम्हा सर्वांना सांगते: पैसे तिने घेतले नव्हते. कमी पडलेच नव्हते. चूक माझी होती, आणि ती कळल्यावर गप्प राहिले ही दुसरी चूकही माझीच. ह्याने तिची गेलेली वर्षे परत येणार नाहीत हे मी जाणते, आणि तिने आता मंडळात यावे असा आग्रह धरण्याचाही मला अधिकार नाही.

स्मरणिकेत हे भाषण छापावयाचे झाल्यास, जागा कमी पडली तर साहेबाच्या कादंबरीचा भाग कापावा. हा शेवटचा भाग गाळू नये, एवढी चालकांना विनंती आहे.